पाहुणचाराच्या पलीकडची मैत्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलींच्या स्काउट-गाइड चळवळीतर्फे साजऱ्या होणाऱ्या जागतिक चिंतन दिनानिमित्त आपल्या दैनिकाच्या पुणे पुरवणीत नऊवारी नेसलेल्या आणि डोक्याला फेटे बांधलेल्या परदेशी तरुणींचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. पाहुण्या मराठमोळ्या वेशात रमल्या, अशा अर्थाची एक ओळ त्याखाली होती आणि बातमी तेवढ्यावरच संपली. छायाचित्र सुरेख होते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु या तरुणी पुण्यात कशासाठी आल्या, कोणाबरोबर राहिल्या, त्यांच्या बरोबरीने आपल्याकडच्या मुलींना या उपक्रमात काही स्थान होते की नाही, आणि त्या परत गेल्यावर दोन्ही बाजूंना काय उरले, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख त्यात नव्हता. पुणे जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गाइड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या गाइड पथकाची प्रमुख, म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, म्हणून या विषयावर लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे. आपली कात्री चालवण्यास हरकत नाही.

आळंदी रस्त्यावरच्या ‘संगम’ केंद्रासमोरून रोज ये-जा करणाऱ्या कित्येक पुणेकरांना आत काय चालते याची कल्पना नसते. मुलींच्या स्काउट-गाइड चळवळीची जागतिक संघटना १९२८ साली हंगेरीत स्थापन झाली, आणि तिने जगात जी मोजकी आंतरराष्ट्रीय केंद्रे उभारली त्यांपैकी हे एक आहे. पहिले केंद्र १९३२ साली स्वित्झर्लंडमधील आडेलबोडेन या डोंगरातल्या गावी झाले, त्यासाठी अमेरिकेतील हेलन स्टोरो यांनी पैसा दिला. पुढे लंडनला, मग १९५७ साली मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे, आणि त्यानंतर आशियातले केंद्र पुण्यात. त्याचे उद्घाटन १६ ऑक्टोबर १९६६ रोजी स्काउट चळवळीच्या संस्थापकांच्या पत्नी लेडी ओलाव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते झाले. आफ्रिकेसाठीचे ‘कुसाफिरी’ पुष्कळ नंतर आले, आणि त्याला स्वतःची इमारत नाही, ते देशोदेशी फिरते. म्हणजे मुंबई किंवा दिल्लीला न मिळालेली ही गोष्ट गेली जवळजवळ सहा दशके आपल्या दारात आहे, आणि तरीही जिल्ह्यातल्या शाळांमध्ये ‘संगम’ म्हटल्यावर शिक्षकसुद्धा नदीचा संगम समजतात.

नेतृत्व प्रशिक्षण आणि परदेशातल्या मुलींशी मैत्री यांची सांगड या चळवळीत फार जुनी आहे. ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १२ मार्च १९१२ रोजी अमेरिकेतील सव्हाना या गावी १८ मुली जमवून तिथल्या चळवळीची सुरुवात केली. या बाईंना ऐकू फार कमी येत असे. एक कान तरुणपणीच बिघडला होता, आणि १८८६ साली त्यांच्याच लग्नात पाहुण्यांनी उधळलेल्या तांदळाचा एक दाणा दुसऱ्या, चांगल्या कानात जाऊन रुतला. (अक्षतांचा इतका महागडा परिणाम आपल्याकडे कोणी नोंदवल्याचे माझ्या वाचनात नाही.) १९२७ साली त्या गेल्यावर त्यांच्या मैत्रिणींनी त्यांच्या नावाने जो निधी उभा केला, तो इमारतीसाठी किंवा पुतळ्यासाठी न ठेवता वेगवेगळ्या देशांतील मुलींना एकमेकींकडे पाठवण्यासाठी ठेवला. त्याच परंपरेतून १९३२ पासून आडेलबोडेनला देशोदेशीच्या मुली एकत्र राहू लागल्या. आज त्याचे रूप ‘ज्युलिएट लो सेमिनार’ असे आहे. अलीकडच्या काळात हा सेमिनार एका जागी न भरवता एकाच वेळी अनेक देशांत भरवला गेला, आणि पुण्याचे केंद्र त्यातले एक यजमान होते. सेमिनारहून परतलेल्या प्रत्येक तरुणीने आपापल्या भागातल्या किमान १०० मुलींपर्यंत पोहोचावे, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु आपल्याकडे कोणत्याही उपक्रमाचे जे होते तेच याचेही होण्याचा धोका मला दिसतो. शंभर मुली एका सभागृहात बसवून, त्यांच्यासमोर परदेशातील स्लाइड दाखवून आकडा पूर्ण करता येतो, आणि त्याचे फोटो अहवालाला जोडता येतात. दुसऱ्या देशातल्या एका मुलीशी आपली खरी ओळख झाली का, तिचे मत आपल्याला न पटल्यावरही आपण तिच्याशी बोलत राहिलो का, वर्षभराने तिच्या घरी कोणी आजारी पडले तर ते आपल्याला कळले का, याला अहवालात रकाना नसतो. माझे मत असे की नेतृत्वाचे जे काही शिक्षण अशा देवाणघेवाणीतून मिळते, त्यातले बहुतेक याच मैत्रीतून मिळते. बाकी व्याख्याने आता कोणालाही मोबाइलवर ऐकता येतात.

मराठी वाचकाला हा विचार नवा वाटू नये. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण पदवीसाठी घेतो, पण ती पदवी ज्या मैत्रीमुळे शक्य झाली तिच्याविषयी फारसे बोलत नाही. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहताना एका मिशनरी नियतकालिकात गोपाळरावांच्या पत्राचा मजकूर वाचला आणि हजारो मैलांवरच्या एका अनोळखी मुलीला आपणहून पत्र लिहिले. पुढची काही वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालला. घरचे, धर्माचे, दुखण्याखुपण्याचे असे सगळे विषय त्यात आले. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, त्याआधी बंगालमधील सेरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर सांगितले होते. कार्पेंटरबाईंनी त्यांना त्या अटीवरच घरात घेतले. कॉलेज सुरू होईपर्यंतचे महिने आनंदीबाई रोझेलच्या त्या घरात राहिल्या आणि बाईंना मावशी म्हणू लागल्या. मैत्रीची किंमत म्हणून दोघींपैकी कोणीही आपला धर्म, खाणे किंवा पोशाख दुसरीच्या पदरात टाकला नाही.

फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातले १८८५ सालचे एक छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लांबुली अशा तिघी आहेत आणि तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. कोणी कोणाचा वेश घालून मिरवत नाही. हौसेने साडी नेसण्यात गैर काही नाही, आमच्या मुलीही पाहुणीची टोपी घालून बघतात. पण पाहुणीला आपल्यासारखी करून दाखवणे म्हणजेच तिला आपलेसे करणे, असा आपला जो समज झाला आहे तो या छायाचित्राजवळ ठेवून तपासावा. १८८६ साली पदवी, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात मृत्यू. गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवल्या.

आता आजच्या काळाकडे येते. परदेशी तरुणी आपल्याकडे येतात तेव्हा बहुधा ‘सेवा’ करायला येतात, असे आपण धरून चालतो. वस्तीतल्या शाळेत शिकवतात, भिंती रंगवतात, मुलांबरोबर खेळतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण एकीने सतत द्यायचे आणि दुसरीने सतत घ्यायचे, अशा मांडणीत मैत्री होत नाही, फार तर कृतज्ञता होते. म्हणूनच या चळवळीतला ‘येस’ हा देवाणघेवाणीचा कार्यक्रम मला अधिक मोलाचा वाटतो. नॉर्वे सरकारच्या ‘नोरेक’ या संस्थेच्या साहाय्याने चाललेल्या या कार्यक्रमात आशिया आणि आफ्रिकेतील तरुणी एकमेकींच्या देशांत जातात, आठवडाभरासाठी नव्हे तर काही महिन्यांसाठी, आणि तिथल्या गाइड संघटनेत तिथल्या मुलींबरोबर काम करतात. पैसा उत्तरेकडून आला तरी जाणाऱ्या आणि स्वागत करणाऱ्या दोघींचे प्रश्न सारखे असतात. पाणी भरणे, भावाचे शिक्षण आधी होणे, घरातून लग्नाची घाई, रात्री उशिरा एकटीने बसने येण्याची धास्ती, हे त्यांना एकमेकींना समजावून सांगावे लागत नाही.

हे मी जवळून पाहिलेले आहे. आमच्या शाळेच्या एका शिबिरात मादागास्करहून आलेली एक तरुणी पाहुणी होती. तिला मराठी-हिंदी येत नव्हते आणि इंग्रजीही फ्रेंच वळणाने अडखळत बोलत असे. आमच्या मुलींचे इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरते. पहिले दोन दिवस नुसते हसण्यावर आणि मान हलवण्यावर गेले. मग एका संध्याकाळी तिने भाताचे मोठे पातेले घासायला नेऊ दिले नाही. तळाला लागलेल्या, तांबूस झालेल्या भातावर तिने पाणी ओतले, पातेले पुन्हा चुलीवर चढवले, उकळी आल्यावर ते पाणी गाळून पेल्यात घेतले आणि मुलींपुढे धरले. मादागास्करमध्ये जेवणाबरोबर हेच पितात. आमच्या मुलींनी आधी नाके मुरडली. वेल्ह्याकडची एक मुलगी मात्र पेला उचलून सरळ प्यायली आणि म्हणाली, “आमची आजी पेज अशीच पिती.” त्यानंतर जे संभाषण झाले ते बहुतेक हातांनीच झाले. पाहुणीने वाकून, डाव्या हातात रोपांची जुडी धरल्यासारखी करून उजव्या हाताने चिखलात रोप खोचायची कृती केली, आणि वेल्ह्याची मुलगी तिच्या शेजारी तशीच वाकून उभी राहिली. भात लावणी तिकडेही बायकाच करतात, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत तिकडेही चिखल्या होतात, मजुरीच्या वेळी तिकडेही बायकांच्या हातावर कमी पैसे पडतात, हे सगळे आमच्या मुलींना त्या चुलीपाशी कळले. दुसऱ्या दिवशी ‘महिला नेतृत्व’ या विषयावर माझेच व्याख्यान होते. ते मी निम्म्यावर आणले.

अशा मैत्रीची परीक्षा शिबिराच्या मांडवात होत नाही, ती बाहेर होते. आपण अतिथीला देव मानतो असे फार बोलतो, पण आफ्रिकेतून शिकायला आलेल्या तरुण-तरुणींना पुण्यात भाड्याने खोली मिळवताना काय अनुभव येतात, हे कोणाही मध्यस्थाला विचारावे. आमच्या मुलींबरोबर मंडईत गेलेल्या युगांडाच्या एका तरुणीच्या केसांना येता-जाता बायका हात लावून बघत होत्या, आणि एका माणसाने न विचारता तिचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. नववीत शिकणारी, एरवी वर्गात तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काका, डिलीट करा. ती आमच्याबरोबर आहे.” काकांनी कुरकुर करत का होईना, व्हिडिओ काढून टाकला. नेतृत्वाच्या कोणत्याही पुस्तिकेत हे शिकवता येईल असे मला वाटत नाही. ती मुलगी हे करू शकली, कारण तोवर तिने त्या तरुणीबरोबर भांडी घासली होती, तिची चेष्टा केली होती आणि तिच्याकडून करून घेतली होती. परदेशी पाहुणी या नात्याने ती कोणा मुलीला एवढी जवळची झाली नसती.

मात्र ही संधी ज्या मुलींना मिळते त्यांच्याविषयी थोडे परखड लिहावे लागेल. परदेशी जाण्यासाठी निवड होते तेव्हा मुलाखत इंग्रजीत असते. त्यामुळे शहरातल्या, इंग्रजी माध्यमातल्या, ज्यांच्या घरी आधीच कोणी परदेशी जाऊन आले आहे अशा मुली पुढे येतात. त्यांच्या गुणांबद्दल वाद नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून तृतीय सोपान, राज्य पुरस्कार असे गाइडच्या परीक्षांचे टप्पे पार करत आलेली आणि पुढे रेंजर, म्हणजे मोठ्या वयोगटातली गाइड, झालेली मुलगी मुलाखतीच्या पहिल्या दोन मिनिटांतच गप्प होते, आणि तिच्यात आत्मविश्वास नाही असा शेरा मारला जातो. त्यातून निवड झालीच तर पासपोर्टचे प्रकरण उभे राहते. फी १५०० रुपये, ती एक वेळ जमवता येते, आणि २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाल्यामुळे पूर्वीइतकी पायपीटही राहिलेली नाही. परंतु शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका प्रकारे आणि आधार कार्डावर दुसऱ्या प्रकारे, जन्मतारखेत महिन्याचा फरक, भाड्याच्या घराचा करारनामाच नाही, अशा एकेका कागदापायी अर्जाची मुदत निघून जाते. आणि कागद जुळले तरी घरचे विचारतात, एवढे महिने पाठवायचे, मग स्थळांना काय सांगायचे? या प्रश्नाला कोणत्याही संघटनेच्या माहितीपत्रकात उत्तर दिलेले नसते. तिथे शाळेतल्या बाईंनाच घरी जाऊन ओसरीवर बसावे लागते, आणि एका चहात काम होत नाही.

माझी सूचना अशी आहे की जाण्याइतकेच महत्त्व यजमान होण्याला द्यावे. पुण्यात जागतिक केंद्र असल्याचा सर्वांत मोठा फायदा हा, की वेल्हे, जुन्नर किंवा इंदापूरच्या मुलीला पासपोर्ट, व्हिसा, विमानाचे तिकीट यांपैकी काहीही हाती नसताना चार खंडांतल्या समवयस्क तरुणींबरोबर राहता येणे शक्य आहे. एस.टी.च्या भाड्यात हे होते. त्यासाठी राज्यातल्या स्काउट-गाइड यंत्रणेने आणि जिल्ह्याच्या शिक्षण विभागांनी आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांच्या तारखा आधी मागवून घ्याव्यात, आणि उद्घाटनाच्या दिवशी लेझीम खेळण्यासाठी म्हणून मुलींना बोलावण्याऐवजी कार्यक्रमाच्या संपूर्ण काळासाठी सहभागी म्हणून पाठवावे. स्वागताला टाळ्या वाजवून दुपारच्या बसने परत गेलेल्या मुलीची कोणाशी ओळख होणार? इंग्रजी कच्चे असलेल्या मुलीबरोबर इंग्रजी येणारी दुसरी मुलगी जोडीला द्यावी, म्हणजे त्या दोघींचीही मैत्री होईल, जी आपल्याकडे शहर आणि गाव यांच्यामध्ये सहसा होत नाही. उलट दिशेने, परदेशी तरुणींनाही शनिवारवाडा आणि लक्ष्मी रस्ता एवढ्यावर न थांबवता तालुक्याच्या शाळेत आणि शक्य तिथे मुलींच्या घरी मुक्कामाला न्यावे. रोटरीच्या युवा देवाणघेवाणीत परदेशी विद्यार्थी आपल्याकडच्या कुटुंबांत महिनोन्‌महिने राहतात, याचा अनुभव राज्यातल्या अनेक शहरांना आहे. पण ती घरे बहुधा बंगल्यांची किंवा मोठ्या फ्लॅटची असतात. सुरक्षिततेची आणि स्वच्छतागृहाची नीट व्यवस्था केली तर दोन खोल्यांच्या घरातही पाहुणी राहू शकते, हे माझ्या दोन माजी विद्यार्थिनींच्या घरांनी दाखवून दिलेले आहे.

निवड करतानाही थोडा बदल हवा. मुलाखत मराठीत किंवा हिंदीत देण्याची मुभा असावी आणि भाषेचे शिक्षण निवडीनंतर द्यावे. काही महिन्यांचा मुक्काम ठरला असेल तर त्याआधीचे तीन-चार महिने दोन्हीकडच्या मुलींनी एकमेकींशी पत्राने किंवा फोनवर बोलायला सुरुवात करावी. आता तर बोटीने पत्र जाण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि परतलेल्या मुलीकडून अहवाल मागताना किती मुलींपुढे बोललीस एवढेच न विचारता, वर्षभराने पुन्हा एकदा बोलावून तिकडच्या मैत्रिणीची खबरबात विचारावी.

आपल्याकडून अपेक्षा मोजकीच आहे. अशा कार्यक्रमांची बातमी मोठी छापाच, पण पाहुण्या निघून गेल्यावर छापून येणाऱ्या बातमीचा आमच्या मुलींना उपयोग नसतो. निवडीसाठी अर्ज केव्हा सुटतात, वयाची अट काय, कोणत्या कार्यालयात विचारायचे, ही माहिती मुदतीच्या किमान महिनाभर आधी जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर चार ओळींत आली, तरी गावातल्या वाचनालयात पेपर वाचणारे एखादे वडील ती कापून घरी नेतील. ती माहिती जमवून आपल्या कार्यालयात पाठवण्याचे काम मी आणि माझ्या काही निवृत्त सहकारी आनंदाने करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गाइड कॅप्टन,
पुणे